ल्युसिलच्या घरी रिकाम्या हाताने

टॅनर्स फोर्क, केंटकी
मंगळवार, १२ नोव्हेंबर

केल्सी,

हे पत्र माफीचं नाही, तिकिटाचं आहे.

कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलच्या तिकीटखिडकीवरून फोन आला होता. सहाव्या रांगेतल्या आपल्या दोन खुर्च्या, हॉल बांधला त्या वर्षी तुझ्या आजोबांनी घेतलेल्या, पुढच्या सीझनला ठेवायच्या की सोडायच्या हे एप्रिल संपायच्या आत सांगायचंय. दुसरी खुर्ची तुझ्या नावावर आहे, म्हणून "हो" तुझ्या तोंडून हवं. तू काहीच बोलली नाहीस तर तुझी खुर्ची दुसऱ्याला, आणि मी एकटी वर, छपराखाली, कबुतरांच्या शेजारी. जोडी मोडली की खालची रांग मिळत नाही असा नियम आहे. नियम म्हटल्यावर तुला पटेलच.

"हो" की "नाही" एवढं तिकडे कळव. मला लिहायची सक्ती नाही. तुझा ओरेगनचा पत्ता कुणी दिला ते सांगणार नाही. तू त्याचं नाव कागदावर घालशील.

पूर्वी या खुर्च्यांसाठी लोक पेपरात मयताची बातमी वाचून तिकीटखिडकीवर फोन करायचे. बाई अजून पुरलेली नसायची आणि तिच्या रांगेसाठी तीन अर्ज. आता मी हॉलमध्ये पाय लांब करून बसते. पहिलीच मॅच घरच्या मैदानावर हरलो. टीमचं नाव खेचरं ठेवलंय, तर यंदा नावाला जागली. जागची हललीच नाहीत.

जुना कोच टेक्ससमध्ये दुसऱ्या कॉलेजात मजेत आहे म्हणे. पोरांना गाड्या ज्यांनी दिल्या, त्यांचे निबंध ज्यांनी लिहून दिले, ते सगळे पांगले. मागे आपण राहिलो. दोन वर्षं मोठ्या स्पर्धेत बंदी, स्कॉलरशिपा कापल्या, आणि कॉलेजचा कागद माझ्या फ्रिजवर: "श्रीमती ओरा स्टिडम यांनी टीमच्या खेळाडूंपासून आणि येऊ घातलेल्या मुलांपासून लांब राहावे." हत्ती निघून गेला, शेपूट माझ्या दारात अडकलं.

सहा फूट नऊ इंचाचं पोर, मार्कस टोलिव्हर, कॉलेज बघायला आलेलं. बर्फ पडतोय, न्यायला येणारी गाडी आली नाही, बाह्यांतून वीतभर मनगटं बाहेर. माझ्या व्हरांड्यात उभं. त्याला उपाशी पाठवलं असतं तर माझ्या आईने थडग्यातून उठून मला थोबाडलं असतं. तर मी त्याला कोंबडी तळून घातली, सोबत सफरचंदाचा केक दिला, आणि तुझ्या आजोबांचा कोट, कारण दुसऱ्या कुणाच्या अंगाला तो होत नव्हता. खुर्चीसाठी दरवर्षी वर्गणी भरते म्हणून मी देणगीदार, आणि देणगीदाराने येणाऱ्या पोराला पाणीसुद्धा पाजायचं नाही, हे मला कुठे ठाऊक?

तुला ठाऊक होतं. कॉलेजात नियमांच्या खोलीत बसायचीस तू, टीम नियम पाळते की नाही ते बघायला. चौकशी कमिटीच्या माणसाने विचारलं, "आणखी काही?" आणि तू म्हणालीस, "हो. माझी आजी."

थंडीचे मोजे पाठवत नाही. तिकडे पाऊस पडतो म्हणे, बर्फ नाही.

मॅमॉ


रविवार, ८ डिसेंबर

केल्सी,

तिकीटखिडकीवर विचारलं. ओरेगनहून काही आलेलं नाही.

पुढच्या वर्षीसाठी शब्द दिलेली तीन पोरं फिरली. एकाने तर टीव्हीवर आपल्या कॉलेजची टोपी घालून फोटो काढला होता, आता म्हणे "कुटुंबाशी बोलून" तो ओहायोला चाललाय. त्याचं कुटुंब मी बघितलंय. ते आपसात बोलत नाहीत. रेडिओवर रोज संध्याकाळी लोक फोन करून रडतात. मोठे मोठे बाप्ये, ट्रक चालवणारे, "आता कोण येईल हो आपल्याकडे?" उपवर पोरीचा बाप बरा, इतकं केविलवाणं.

आता एकच उरलाय, एलाय फ्यूगेट. सहा फूट अकरा इंच, हात गुडघ्यापर्यंत. याच तालुक्यातला, ल्युसिलचा नातू. तीच ल्युसिल, जिच्या शेजारच्या मशीनवर बसून मी हातमोज्याच्या कारखान्यात उभं आयुष्य अंगठे शिवले. ती बोटं शिवायची, मी अंगठे. एलाय आला तर टीम उभी राहील, त्याच्यामागे आणखी दोघं येतील, असं जो तो म्हणतो. नाही आला तर नदीपलीकडचे ब्लँचर्ड कॉलेजवाले त्याला उचलतील आणि आपण कायमचे झोपलो.

गेल्या आठवड्यात वांडाकडे केस करायला गेले. डोकं तिच्या हातात, पळायची सोय नाही.

"ओरा," ती म्हणाली, "ल्युसिलशी तुझी दोस्ती आहे ना? घाल की तिच्या कानावर."

"मला त्या पोरापासून लांब राहायचंय. कागद आलाय."

"पोरापासून. ल्युसिलपासून कुठे?"

"अगं, तो तिच्याच घरात राहतो. मी गेले की त्याला काय खुंटीला टांगून ठेवू?"

"एवढ्या लांब पोराला खुंटी कुठली मिळायची," वांडा म्हणाली, आणि ड्रायरखालच्या दोघी खिदळल्या. मग त्यातली एक म्हणाली, "हिच्या नातीने तोंड मिटलं असतं तर ही वेळ आली नसती." वांडाने माझ्या मानेत पिन खुपसली. चुकून असेल.

मी काही बोलले नाही. तुझी बाजू घेतली असं समजू नकोस.

पेट्रोलपंपावर तो शर्ट अजून विकायला आहे, कोंबडीची तंगडी आणि खाली "ओराला सोडा". मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मॅचला घातला होता तो. माझा मी फरशी पुसायला घेतलाय. पाणी चांगलं शोषतो.

ल्युसिलला बरं नाही. छातीत पाणी होतंय. फोनवर बोलतो आम्ही. ती म्हणते, "ओरा, तुझे कोंबडीच्या रश्शातले डंपलिंग खाऊन मरेन म्हणते." मी म्हटलं, "खाऊन जग की मेले, मरायला कशाला पाहिजेत?"

मॅमॉ


रविवार, १२ जानेवारी

केल्सी,

काल पुन्हा हरलो. किती फरकाने ते लिहीत नाही, तुझ्याकडेही पेपर येत असेल.

झेंडा उतरवला. आपण देशातल्या शेवटच्या चारांत गेलो त्या वर्षीचा, उत्तरेच्या भिंतीवरचा. टोलिव्हर ज्या ज्या मॅच खेळला त्या सगळ्या पुसल्या. म्हणजे झाल्याच नाहीत. शेवटच्या सेकंदाला तो उडाला, चेंडू आत गेला, तू माझ्या मांडीवर पॉपकॉर्न सांडलास, माझा घसा आठवडाभर बसला होता. तर ते झालं नाही. घसा कशाने बसला ते कमिटीला विचारायला हवं.

डॉयल रॅटलिफ आता तुझ्या खुर्चीवर कोट ठेवतो. शाळेची बस चालवायचा तोच, आपल्या मागच्या रांगेतला. मी म्हटलं कोट उचल. म्हणाला, "अगं ओरा, कुणी येणार आहे का?" मी म्हटलं, "कोट उचल." उचलला. तो सांगतो, झेंडा होता तिथे भिंतीवर चौकोन उरलाय, बाकीच्या भिंतीपेक्षा गडद. असेल. दिवेच मंद केलेत हॉलमध्ये, खर्च वाचवायला. फलकावरचे आकडेही बारीक केलेत. मी आता छोटा रेडिओ कानाला लावून बसते. रेडिओवाला डॉयलपेक्षा बरा. डॉयल काल अर्धा वेळ समोरच्या टीमला आपली समजून टाळ्या पिटत होता आणि मीही पिटल्या.

पूर्वी तू सांगायचीस, "चेंडू डावीकडे, मॅमॉ, लाल केसांच्याकडे." तेव्हा मला दिसत होतं, तरी सांगायचीस. तोंडाला चैन नव्हती तुझ्या.

एलाय परवा आपल्या हॉलमध्ये मॅच बघायला आला होता. अख्खा हॉल खेळ सोडून त्याच्याकडे बघत होता. त्याने पॉपकॉर्न घेतले तर लोक म्हणाले, बघा, आपले पॉपकॉर्न आवडले त्याला. मी मान वळवून बसले. तेवढं नियमात बसतं ना?

मॅमॉ


सोमवार, १७ फेब्रुवारी

केल्सी,

ल्युसिल गेली. शनिवारी पुरली.

बुधवारी कळलं. तुला इथली रीत माहीत आहे. मयताच्या घरी कुणी रिकाम्या हाताने जात नाही. ओव्हनमधून काढलेलं गरम भांडं, तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव, आणि ते भांडं महिन्याभराने परत येतं तेव्हा दारात उभं राहून आणखी एकदा रडायचं. तुझे आजोबा गेले तेव्हा ल्युसिल सगळ्यांत आधी आली होती. राजमा, मक्याची भाकरी आणि अख्खं हॅम. तिला स्वतःला उभं राहवत नव्हतं.

मी कोंबडी शिजवायला टाकली. मग फ्रिजवरचा कागद दिसला.

त्या घरात एलाय राहतो. आता ल्युसिल नाही म्हटल्यावर ते घर त्याचंच. मी दिलेलं जेवण म्हणजे त्याला दिलेलं जेवण. म्हणून कॉलेजात, तुझ्या जुन्या नियमांच्या खोलीत फोन लावला. तिथे आता हॅडली नावाची मुलगी आहे. आवाजावरून दुधाचे दात पडायचेत.

"मॅम, ऐकून खरंच वाईट वाटलं," ती म्हणाली, "पण सध्या टाळलेलं बरं. आपण प्रोबेशनवर आहोत."

"ल्युसिल प्रोबेशनवर नाहीये. ती मेलीय."

"हो मॅम. पण तुमचं नाव एकदा आलंय ना. दुसऱ्यांदा आलं तर पुढची शिक्षा..."

"मग मी काय न्यायचं?"

ती म्हणाली, "फुलं?" मग म्हणाली, "नाही, फुलंसुद्धा मी आधी विचारते."

तू एकदा म्हणाली होतीस, माझ्या स्वयंपाकघरात, पाठ करून: "मॅमॉ, लहान माणसाने मोडला म्हणून नियम लहान होत नाही." मी तेव्हा झारा आपटला होता. यावेळी मी तो झारा हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. टीमसाठी केलं. दुसऱ्यांदा माझं नाव आलं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं.

पण डंपलिंग केले. हात थांबेनात. झाकण लावून, टॉवेलात बांधून, डॉयलच्या पिकअपमध्ये मांडीवर घेऊन गेले. दारापर्यंत. आणि तिथे सीटवर ठेवून उतरले.

"ओरा, भांडं राहिलं," डॉयल म्हणाला.

"राहू दे."

"मयताला आलीयस बाई तू!"

"राहू दे म्हटलं ना."

आत टेबल भांड्यांनी वाकलं होतं. वांडाने भरलेली अंडी आणली होती. नदीपलीकडून ब्लँचर्डच्या कोचची बायको आली होती, दोन हातांत हॅम, काळा ड्रेस, डोळे पुसत. हिचं ल्युसिलशी नातं काय? ल्युसिलला मीठ कमी लागायचं हे तरी तिला माहीत होतं का? त्या हॅमचं नाव कुठल्या कागदावर येणार नाही, कारण तिच्या घरात तुझ्यासारखी कुणी नाही. सगळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. वांडा कानाशी येऊन म्हणाली, "ओरा, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे." म्हणजे मग तिला कारणच उरलं नाही. आता गावभर झालंय, ओरा स्टिडम ल्युसिलच्या मयताला हात हलवत आली.

मी मागे भिंतीशी बसले. तर एलायच आला. मी त्याच्याकडे गेले नव्हते, हे लक्षात ठेव. तो आला. पायांशी बसला तरी डोकं माझ्याहून वर.

"तुम्ही मिस ओरा ना? अंगठेवाल्या?"

"हो."

"माझी मॅमॉ म्हणायची, ती गेली की तुम्ही डंपलिंग आणाल. मला म्हणाली होती, थोडे वेगळे काढून ठेव, नाहीतर पाहुणे संपवतील."

केल्सी, भांडं दारात गाडीत होतं. अजून गरम.

मी म्हटलं, "जमलं नाही रे या वेळी."

"ठीक आहे मॅम," तो म्हणाला. चांगल्या वळणाचं पोर. चेहरा कसा आहे ते सांगता येणार नाही. एवढ्या जवळून पाहिला, तरी सगळा पुसट. मी रडत नव्हते. मोतीबिंदू आहे, डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत. काढून टाकतात ते, पण घरी न्यायला घरचं माणूस लागतं. डॉयलला मी सांगणार नाही. तो टाळ्या कुणासाठी वाजवतो ते मी लिहिलंच आहे.

परतताना डॉयलने गाडी चर्चच्या मागे लावली. म्हणाला, "मी कुठल्या टीममध्ये येणार नाहीये ना? मग दे इकडे." झाकणात घेऊन हाताने खाल्ले. मीही खाल्ले. मिरी जास्त झाली होती. ल्युसिलने बोलून दाखवलं असतं.

मॅमॉ


शुक्रवार, २१ मार्च

केल्सी,

तुझं कार्ड मिळालं. पुढे समुद्राचा फोटो, मागे एक ओळ: "डंपलिंगच्या पिठात ताक घालतेस की दूध?"

वर्षभराने एवढंच.

ताक. आंबट, दोन दिवसांचं. आणि मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. जास्त हात लावलास की दगड होतात. उकळत्या रश्शात चमच्याने सोडायचे आणि झाकण ठेवायचं, मधे उघडून बघायचं नाही. तुला राहवत नाही, तू बघतेस. म्हणून तुझे बसतात.

टीमचा सीझन संपला. बंदी नसती तरी कुणी बोलावलं नसतं.

मॅमॉ


गुरुवार, १७ एप्रिल

केल्सी,

काल एलायने सही केली. शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलेलं, त्यावर दोन टोप्या, आपली आणि ब्लँचर्डची. अर्धं गाव खुर्च्यांवर, उरलेलं गाव वांडाच्या टीव्हीपुढे. मी वांडाकडे होते, ओले केस घेऊन.

त्याने आधी आपली टोपी उचलली. वांडा किंचाळली. त्याने तिची धूळ झटकली, नीट परत ठेवली आणि दुसरी डोक्यावर घातली.

माइकवाल्याने विचारलं, का? पोराने खाली बघितलं. म्हणाला, "माझी मॅमॉ वारली तेव्हा ते लोक आमच्या टेबलाशी होते."

ड्रायर घुंघुं करत होता. वांडाने माझे केस पुसले, फार जोरात. म्हणाली, "ओरा, एक भांडं. एक भांडं न्यायचं होतंस गं." मी आरशात बघत होते. आरशात एक पांढरा ठिपका आणि एक निळा ठिपका. निळी वांडा.

मी सांगू शकले असते. फ्रिजवरचा कागद, हॅडली, गाडीतलं गरम भांडं, सगळं. पण मग त्या म्हणाल्या असत्या, हेही तुझ्या नातीच्या नियमामुळे. आणि परत सुरू. म्हणून मी पैसे दिले आणि ओल्या केसांनी घरी आले.

पहिल्यांदा जेवू घातलं तर टीम बुडाली. दुसऱ्यांदा नाही घातलं, तरी बुडाली. आता मला विचारू नकोस नियम बरोबर की चूक. मी दमलेय. मला एवढंच माहीत आहे की एकदा पोर माझ्या दारातून भरल्या पोटी गेलं आणि एकदा माझ्यासमोरून उपाशी उठलं, आणि झोप मला त्या दुसऱ्या वेळेमुळे येत नाही.

तुलाही अशीच येत नसेल. माझं नाव सांगितल्यापासून. हे मला आधी सुचलं नव्हतं.

मॅमॉ


शनिवार, २६ एप्रिल

केल्सी,

काल तिकीटखिडकीवर गेले. ठरवूनच गेले होते की दोन्ही सोडायच्या. कबुतरांशी माझं जमणार नाही, आणि दिसत नाही तर सहावी रांग काय नि साठावी काय. पुढच्या वर्षी टीममध्ये पाच पोरं उरलीत, त्यातला एक बँडमधून घेतलाय म्हणतात.

खिडकीवरची मुलगी म्हणाली, "मिस ओरा, तुमच्या शेजारच्या खुर्चीचं 'हो' आलंय. ओरेगनहून फोन होता, मार्चमध्येच."

मार्चमध्ये. ताकाचं विचारलंस तेव्हा. आणि मला एक अक्षर नाही. बरं. मीच लिहिलं होतं, तिकडे कळव म्हणून. सांगितलेलं शब्दशः करायची तुझी खोड गेली नाही.

मी माझ्याही खुर्चीला "हो" म्हटलं. मग डॉक्टरांकडे गेले. डोळ्यांचं मेच्या शेवटी करतो म्हणाले, आधी एक, मग दुसरा. "न्यायला कोण येणार?" विचारलं. मी म्हटलं, लिहा, नात. तू यायचं कबूल केलेलं नाहीस हे मला माहीत आहे. खोडायचं असेल तर त्यांचा नंबर खाली देतेय.

गावाचं सांगून ठेवते. लोक बघतील. वांडा पिन खुपसेल. डॉयल तुझ्या खुर्चीवर कोट ठेवेल, त्याला उचल म्हणायचं. टीम हरेल. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हरत राहील, आणि मला स्पष्ट दिसेल. कोण कुठे ते सांगायची तुला गरज पडणार नाही. तरी सांगायचं असेल तर सांग.

आणि एक. काल नियमांच्या खोलीत फोन लावला. हॅडलीच होती. विचारलं, "तिथे पूर्वी कामाला असलेली, आता नसलेली, पाच फूट चार इंचाची, चेंडू फेकला की डोळे मिटणारी एक मुलगी माझ्या घरी जेवली तर चालेल का?"

तिने थांबायला सांगितलं. फोनवर आपल्याच बँडचं गाणं वाजत राहिलं. मग ती परत आली.

"मॅम, ती तुमची कोण?"

"नात."

"मग चालेल, मॅम."

"किती वेळा?"

"कितीही."

"आणि सोबत बांधून दिलं तर?"

ती हसली असावी. म्हणाली, "तेही चालेल, मॅम."

मी म्हटलं, मला हे लेखी पाठव.

मॅमॉ